पांढरी चार

सोमवारी सकाळी चर्चमध्ये थंडी इतकी
की हातमोजे काढायला बाबा मला परवानगी विचारायला लावत.
मी तेरा वर्षांची. ऑर्गनच्या बाकावर दोन उशा घेऊन
एकच पट्टी दाबून बसलेली.
बाबा आत, कथलाच्या त्या रानात,
शिडीवर, दातांत विजेरी धरून.
"पुढची." मी पुढची दाबे.
"धर." मी धरून ठेवी.

त्यांचं काम ठोके काढायचं.
दोन नळ्या केसाइतक्या जरी दुरावल्या
तरी सूर हेलकावतो,
बांधलेली होडी धक्क्यावर आपटत राहावी तसा.
बाबा नळीच्या माथ्यावर पितळी शंकू हलकेच टेकवत,
हेलकावा लांबे, अजून लांबे,
मग सपाट पाणी.
"मिटला," आतून आवाज येई.

दर्शनी नळ्या जस्ताच्या होत्या.
मूळच्या सतरा साली युद्धाने नेल्या, वितळवल्या.
बाबा या नव्यांना पाहुण्या म्हणत,
पंचेचाळीस वर्षांनंतरही.

मध्येच हँबुर्गच्या गोदीतून एखादी बोट भोंगा देई.
पांढरी चार.
बाबा हात थांबवत. "जरा उतरलीय,"
जणू तिलाही कुणीतरी शिडी लावायला हवी होती.

त्या वर्षी फेब्रुवारीत एल्ब नदी धक्का चढून आली.
गेशे टिमबाईंच्या तळघरातला पियानो
पाणी ओसरलं तेव्हा कुशीवर पडलेला,
पोटात गाळ, आणि एक बोटभर मासा.
बाबांनी तो शेगडीपाशी पाच आठवडे वाळवला.
मजुरी म्हणून हेरिंगचं एक पिंप ठरलं,
आईने त्यांच्याशी दोन दिवस अबोला धरला.
सगळ्या पट्ट्या परत बोलू लागल्या.
मधली पांढरी चार तेवढी बोलेना.

मग इंग्लंडहून ती पोरं आली,
त्यांच्याही गावात गोद्या, त्यांच्याही गोद्या ओस पडत चाललेल्या.
रात्रीचे सहा तास वाजवायचे, वर बिअर फुकट.
दहानंतर मुलांना आत बंदी,
म्हणून मी हत्यारांची पिशवी घेऊन जिन्यावरच.
डेस्मंड नावाचा एक लांबुडका पियानोवर,
कॉलर घामाने उघडी,
त्या मुक्या पट्टीपाशी आला की
तो टाचेने फळी बडवी.
धप्प. आणि पुढे.
खलाशी, हमाल, दोन नर्सेस, सगळे त्या धप्पची वाट बघायचे.

मला बाबांकडे बघवेना.
जन्मभर ज्यांनी ठोके मिटवले
त्यांच्यासमोर ही पोरं
बोटीतून नुसते ठोकेच घेऊन उतरलेली.

मध्यंतरात डेस्मंड आला,
खुणांनी विचारलं, ती पट्टी दुरुस्त होईल का?
बाबांना इंग्रजी येत नव्हतं.
त्यांनी पिशवी माझ्याकडून घेतली,
उघडली,
बराच वेळ आत पाहिलं.
मग बक्कल लावलं.
"लाकूड अजून ओलं आहे," ते मला म्हणाले,
आमच्या बोलीत, आणि ते खोटं होतं.

सोमवारी पुन्हा थंडी.
"पुढची. धर."
सूर हेलकावू लागला, लांबू लागला,
जवळजवळ मिटत आला,
आणि तिथेच राहिला.
"मिटला" आलं नाही.
मी मान वळवून ऐकत राहिले.
आत कुठेतरी, अंधारात,
शिडीच्या पायरीवर
बुटाची टाच पडत होती,
धप्प,
थोडी उशिरा, पण पडत होती.

माझं बोट गारठलं होतं.
मी पट्टी सोडली नाही.