क्रियापद दुसऱ्या जागी

राजारामपुरी, आठवी गल्ली. झेरॉक्सच्या दुकानावरचा जिना
चढला की बार्देस्कर मॅडमचा क्लास.
उद्यमनगरातनं सुटून मी थेट येतो,
दिवसभर व्हर्नियर लावून बुश तपासलेले,
बोटांना कटिंग ऑइलचा वास.

मॅडम फळ्यावर तीन चौकोन काढतात.
पहिल्यात कोण. दुसऱ्यात काय केलं.
मग उरलेलं सगळं: भाजी, बाजार, नवरा, मंगळवार.
‘क्रियापद दुसऱ्या जागी, मालनताई. शेवटी नाही.’
मला ते जेवायला बसल्या बसल्या
हात धुतल्यागत वाटतं.

आमच्यात कसं, वाक्य हातात धरून चालायचं,
समोरच्याचं तोंड बघत.
‘मी उद्या तुमच्या वास्तुशांतीला, पोरांना घेऊन,
जमलं तर ह्यांनाही घेऊन…’
इथवर काहीच ठरलेलं नसतं.
तोंड फुललं तर ‘येतो’.
पडलं तर ‘येतो म्हणत होतो, पण’.
आणि ‘नाही’ पदराच्या गाठीत,
शेवटपर्यंत सुटत नाही.
इंग्रजीत ते दारातच काढून ठेवायचं, चपलेसारखं,
सगळ्यांना दिसेल असं.

एक मात्र आवडलं. त्यांचा ‘आय’.
तालमीतल्या मल्लखांबागत एकटा, ताठ.
पुण्याची जाऊ हसते,
‘अगं, बाई असून मी आलो, मी गेलो काय?’
कोल्हापूरच्या बाईला हे जन्मभर ऐकावं लागतं.
आय केम.
आला का आली, कुणी विचारतच नाही.

गुरुवारी वाक्प्रचार.
बादलीला लाथ मारली म्हणजे माणूस गेला.
शिकलगारांचा इरफान म्हणाला, मॅडम,
आमच्या नळावर रोज चार तरी जात असतील.
घेवडा सांडला म्हणजे गुपित फुटलं.
पाय गार पडले म्हणजे ऐनवेळी भ्याला.
हे मी न विचारता सांगितलं,
आमचेही तिथंच पडतात.
मग ‘नाद खुळा’ इंग्रजीत कसं म्हणायचं, यावर
पाच मिनिटं नुसता पंखा फिरला.
मॅडमनी फळा पुसला.

रविवारी कागलहून बाळासोदादा आला.
पेढे, हक्कसोडीचा कागद,
पेनाचं टोपण आधीच काढलेलं.
‘नुसती सही, मालू. रीतच आहे.’
मी आमच्या पद्धतीनं सुरू केलं,
‘दादा, आबांच्या माघारी तू सगळं बघितलंस,
तेव्हा त्या दीड एकराच्या कागदावर मी…’
आणि त्याचं तोंड बघितलं.
वाक्य हातात. पाय गार.
भिंतीवर कुठनं तरी तीन चौकोन आले.
पहिल्यात मी.

‘मी नाही करणार सही.’

म्हटलं, आणि माझं मलाच नवल.
हे तर मराठीच की!
ह्याच क्रमानं आई नळावर भांडायची,
मी नाही काढणार घागर.
मी नाही हलणार हितनं.
दादानं टोपण लावलं.
पेढे ठेवून गेला का घेऊन गेला, आठवत नाही.

सोमवारचा होमवर्क, पाच नकारार्थी वाक्यं.
मी एकच लिहिलं, पाच वेळा.
आय विल नॉट साइन.
मॅडमनी काही विचारलं नाही.
‘साइन’मधला जी राहिला होता,
तेवढा पाचही ठिकाणी लाल पेनानं घातला.
‘बोलायचा नाही,’ म्हणाल्या,
‘पण असतो तो.’