प्रयोजन

बाबालाल शिकलगार बंदूक आणतो
ती भर दुपारी, सतारमेकर गल्ली झोपलेली असताना,
सतारीच्या गवसणीत घालून.
परवाना खिशात असतो, तरी गवसणी.

लाकडाचं काम माझं.
नळीचं मी बघतो, म्हणतो, दस्ता तू बघ.
आम्ही दोघं आडनावानंच कामाला लागलेलो.
त्यांच्यात पाती घासली, आमच्यात भोपळे कोरले.
माझ्याकडे घोडी, त्याच्याकडे घोडा,
हा विनोद मिरजेत आम्ही तीस वर्षं करतोय
आणि दर वेळी तोच आधी हसतो.

ही त्याची सातवी.
दुनळी, बारा बोअर, अमेरिकेची.
मिशनच्या दवाखान्यातल्या कुणा डॉक्टरची म्हणे,
जाताना जतच्या एका वकिलाला देऊन गेला.
वकिलाच्या नातवाला ती नको होती,
कपाटाची जागा हवी होती.
अक्रोडच, पण आपल्याकडे येतो तसा नाही,
चहा सांडून वाळावा तसा काळपट.
नखानं वाजवून बघितलं. बोललं नाही.
बंदुकीच्या लाकडानं बोलायचं नसतं.

आधी त्याला वाटलं, टपालाच्या घोडागाडीवर
पहारेकऱ्याच्या मांडीवरची असेल.
मग मापं घेतली. नळ्या तीस इंची.
एवढं लांबडं घेऊन गाडीवर बसणार कोण?
मग वाटलं, बदकांची.
पण चिखलात न्यायच्या वस्तूवर
एवढं नाजूक कुत्रं कोण कोरून घेतं,
कान सुद्धा वाऱ्यावर मागे गेलेले?

आठ महिने पत्रं लिहिली.
कारखाना कधीच बंद पडलेला,
वह्या कुठल्याशा म्हाताऱ्या बाईंनी सांभाळलेल्या.
त्यांनी एका पानाची नक्कल पाठवली.
नंबर, तारीख, आणि पुढं एक ओळ:
कबुतरांसाठी. खटका नको.

पेटीतून जिवंत कबुतर सोडायचं.
पैज लावायची. कुंपणाच्या आत पडलं तर जिंकलात.
आणि खटका नको, कारण तो सरकवायला
जेवढा वेळ लागतो
तेवढ्यात पाखरू कुंपण ओलांडतं.

बाबालाल त्या दिवशी चहा न घेता गेला.
त्याच्या गच्चीवर खुराडं आहे.
बावीस आहेत, एक लंगडं.

चार दिवसांनी आला, भिंग घेऊन.
अरे, पण हिला खटका आहे.
खरंच होता.
कुत्र्याची शेपटी मध्येच तुटते ना,
तिथं, नक्षी कापून, नंतर बसवलेला.
मी जवारी काढणारा माणूस,
कानशीची रेघ मला वाचता येते.
हा हात परत येताना कानस उचलत होता,
ओढत नव्हता. जरा डावीकडे झुकत होता.
आजोबा, बाबालाल म्हणाला.
किल्ल्याजवळ दुकान होतं त्यांचं, दवाखान्याची कात्री त्यांच्याकडेच यायची.
म्हटलं, आजोबा सगळ्यांचेच असतात. काहीतरी आण.
त्यानं अडकित्ता आणला, आजीच्या पानदानातला.
दोन्ही उजेडात धरले. बराच वेळ.
मी सारखंच म्हणालो नाही.
जवळपास म्हणालो.
त्याला तेवढं पुरलं. मला अजून पुरलेलं नाही.
कोण सांगायला आलं असेल त्या म्हाताऱ्याला
की हिला थांबायला शिकव?
डॉक्टर? का त्याची बायको?
का कुणी काहीच सांगितलं नाही,
कानस हातात होती, म्हणून?

मग निवडणूक लागली.
परवान्याच्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या.
आम्ही गवसणीसकट घेऊन गेलो.
हवालदारानं नोंदवही फिरवली,
नाव, बोअर, नंबर लिहून झाला,
पुढं रकाना होता, प्रयोजन.
शेतीसंरक्षण लिहू का, काका?
बाबालालनं माझ्याकडे बघितलं.
हवालदार पेन टेकवून थांबला,
तेवढाच वेळ,
जेवढ्यात पाखरू कुंपण ओलांडतं.