रुपया उभा राहतो का

बार्शी रोडला, एमआयडीसीच्या टोकाच्या शेडात
आम्ही डाळमिलची यंत्रं बनवतो,
एकासारखं दुसरं कधीच नाही.
कुणाचं छत ठेंगणं, कुणाची तूर बारीक,
मुरूडच्या एकाला तर तोंड डावीकडंच पाहिजे होतं,
वास्तूवाल्यानं सांगितलं म्हणून.

मन्मथ शेठनी महिनाभराचं फुकट सॉफ्टवेअर उतरवून घेतलं,
म्हणाले, शिवकांता, काढ आपल्या कामाचा नकाशा,
एकोणीस दिवस जातेत कुठं ते तरी कळू दे.

मग मी जॉब नंबर एकशे सत्तावीसच्या मागं मागं हिंडले.
उदगीरची ऑर्डर, नेहमीपेक्षा चौदा इंच बुटकी.
कटिंग : चाळीस मिनिटं. वाट पाहणं : दोन दिवस.
वेल्डिंग : पावणेतीन तास. वाट पाहणं : दीड दिवस.
लोखंडाला माणसाचा हात लागला एकूण एक्केचाळीस तास,
बाकी सगळा वेळ ते अंगावर खडूचा आकडा घेऊन
पाण्याच्या टाकीशेजारी पडून.
त्याच्या आडोशाला एक कुत्री व्याली.
पिलांसाठी चौकोन नव्हता सॉफ्टवेअरात.

रात्री बाण जोडत गेले तर
अकरा बाण वळून एकाच चौकोनात शिरत होते :
लेथ नंबर दोन, मैनोद्दीन मामा.
रोलमधी फट किती? मामाला विचार.
चाळणीला उतार किती? मामाला विचार.
गिऱ्हाईक फोनवर काय बोललं होतं?
मामालाच विचार, त्यांनी कॅलेंडरच्या मागं लिवलंय.
आणि दर प्रश्नाला लेथ बंद.

"मला कुठं बसवायलीस गं?" मामा स्क्रीनमध्ये डोकावले.
मी दाखवलं. लाल झालेला चौकोन.
"हात्तिच्या! म्हणजे अडथळा मीच की."
मी माऊस उगाच इकडंतिकडं हलवला.

आठ संध्याकाळी ते सांगत गेले, मी टाइप करत गेले.
तुरीला इतकं, हरभऱ्याला इतकं.
आणि माल ओला असला तर?
"दाणा दाताखाली धर. कट्ट वाजला नाही
तर दोन सूत सोड."
कट्टसाठी रकाना नव्हता. शेऱ्यात टाकलं.

अकराचे दोन बाण राहिले. एकोणीसचे बारा दिवस.
शेठनी पेढे वाटले.
लेथ दिवसभर चालायचा, न थांबता,
आणि मामाकडं कुणी फिरकेना.

एकशे चौतीस नंबर अहमदपुरात जाऊन थरथरलं.
नट ढिले होऊन डाळीत पडायला लागले,
गिरणीवाल्यानं ते वाटीत जमवून ठेवले होते, दाखवायला.
मी आणि मामा एसटीनं गेलो.
गुडघा धरत ते वर चढले,
बेअरिंगच्या डोक्यावर रुपया उभा केला.
पडला.
पुन्हा केला. पडला.
"वाघंबरनं बैठक एक सूत तिरकी डागलीय.
पयले तो फट विचारायला यायचा ना,
हातात ती बैठकच घेऊन यायचा.
मी फट सांगता सांगता
बघून घेत होतो."

परतताना खिडकीशी बसून मी मोजत होते,
अकरातले किती बाण नुसते प्रश्न होते.
घड्याळ हातात धरून मी पंधरा दिवस हिंडले होते शेडभर,
विचारणाऱ्याच्या हाताकडं एकदाही पाहिलं नव्हतं.

त्या सॉफ्टवेअरात निर्णयाची खूण शंकरपाळीसारखी असते.
सोमवारी रंगकामाच्या अलीकडं एक शंकरपाळी टाकली,
आत लिहिलं : रुपया उभा राहतो का?
हो, तर रंगाकडं.
नाही, तर मैनोद्दीन मामा.
सॉफ्टवेअर म्हणालं, इथं नाव नको, पद लिहा.
मी नावच ठेवलं.

"बाराचे साडेबारा केलेस," शेठ कुरकुरले,
पण खोडलं नाही.
वाघंबर आता दर जॉबला माझ्याकडं
एक रुपया मागून नेतो.
अजून एकही परत आलेला नाही.