बियांना टोपली नाही

अल-उबैदच्या वखारीत आम्ही पस्तीसजणी
जमिनीवर पाय पसरून डिंक निवडतो.
साल वेगळी, वाळू वेगळी,
काडी, मुंगी, कधी उंटाचा केस.
उरतो तो हशाबचा डिंक,
गोठलेल्या मधासारखा, पण चव नसलेला.
अक्रोडाएवढा अखंड खडा एका टोपलीत,
चुरा दुसरीत.
चुऱ्यालासुद्धा भाव आहे, आपल्यालाच काय तो...
असं बतूल म्हणते
आणि वाक्य तिथंच सोडून चाळण हलवते.

माझा भाऊ तिजानी झाडांकडे असतो,
इथून दोन दिवसांच्या वाटेवर.
पाऊस संपून पानं गळायला लागली
की सोंकी खांद्यावर टाकून निघतो.
लांब दांडा, चपटं टोक.
साल टोकानं उचलायची, हातानं ओढायची,
आतल्या लाकडाला ओरखडासुद्धा नको.
खोल गेलास तर झाड मरेल, बाबा म्हणायचे,
वरवर केलंस तर त्याला कळणारच नाही.
मधे कुठंतरी एक जागा आहे,
तिथं झाडाला वाटतं आपण मरणार
आणि ते मरत नाही.
त्या जागेवर आमचं घर चालत आलं.

जखम बुजवायला झाड जे आणतं ते आम्ही विकतो.
खपली विकतो, खरं तर.
कारकून सांगतो, ती समुद्रापार जाते,
फसफसत्या सरबतात विरघळते,
औषधाच्या गोळीला चकाकी देते,
पाकिटाच्या कडेला लागते, जिथं लोक जीभ फिरवतात.
माझ्या हवाच्या रंगाच्या वड्यांतही तीच आहे म्हणे.
हवानं त्या रंगांनी झाड काढलं होतं,
निळं.
हिरवी वडी संपली होती.

झाडं थकली की बाबा ती काढायचे
आणि त्याच जमिनीत बाजरी पेरायचे.
डोक्यावरून जायची बाजरी,
आत शिरलेली शेळी हाकेला सापडायची नाही.
झाडं मातीत काय ठेवून गेली
हे बाजरीनं कधी सांगितलं नाही,
आणि उत्तरेची वाळू दर उन्हाळ्यात
त्या रांगेपाशी येऊन का थांबायची
हेही कुणी वाळूला विचारलं नाही.
याचा भाव कुठल्याच लिलावात पुकारत नाहीत.

आता वाटेत सात नाकी आहेत.
प्रत्येक नाक्यावर बंदूक, प्रत्येक बंदुकीला गोणीमागे पैसे.
शेजाऱ्यांनी झाडं तोडून कोळसा केला.
त्यांना नावं कशी ठेवू?
डिंकाला महिने लागतात,
कोळसा आठवड्यात विकला जातो
आणि मूल तर आजच रडतं.
तिजानी फोनवर म्हणाला होता, आपली अजून उभी आहेत.
त्यानंतर फोन लागला नाही.

काल त्याच्या खुणेची गोणी आली.
एकच.
खडे लहान, घाईत खुडलेले, सालीसकट.
तळाशी चिंधीची पुरचुंडी,
तिला बाबांची गाठ, दोन वेढे आणि एक उलटा.
आत बिया.
चपट्या, तपकिरी, मूठभर.

मी हात थांबवला.
अखंडाची टोपली, चुऱ्याची टोपली, सालीचा ढीग.
बियांना टोपली नाही.
मुकादमीण बघत होती.
बतूलनं मुद्दाम आपली चाळण सांडली, मोठ्यानं शिवी घातली,
सगळ्या तिकडे वळल्या
आणि पुरचुंडी माझ्या ओढणीत गेली.

रात्री तेलाच्या रिकाम्या डब्यांना खिळ्यानं भोकं पाडली.
अकरा डबे जमले.
हवानं प्रत्येकात बोट खुपसून खड्डा केला,
नखात माती तशीच ठेवून झोपली.
हशाब चौथ्या-पाचव्या पावसानंतर डिंक देतो.
मी बोटांवर मोजलं.
तेव्हा ती चौदाची असेल.
सोंकी मात्र तिजानीकडे आहे.