बुरुलकानच्या गोठ्याचे खांब

खांब तेच आहेत, हे मला यंत्राच्या आधी कळलं.
एकावर पिवळ्या रंगाचा पोपडा अजून चिकटून होता,
धोक्याच्या पाटीचा उरलेला कान.

"वरच्या टेकाडावरून आणले," बुरुलकान म्हणाली,
"आठ वर्षं झाली. नुसतेच उभे होते.
कुंपण होतं, पण आत राखायला काही नव्हतं.
गवत तेवढं. चांगलं गवत."

यंत्र खांबाजवळ नेलं.
तापल्या तव्यावर मीठ पडावं तसं ते तडतडलं.
वासरानं मान वळवून पाहिलं.

टेकाड म्हणजे टेकाड नव्हे.
सोव्हिएत काळात या गावाला नाव नव्हतं,
टपालपेटीचा नंबर होता.
युरेनियम काढून नेल्यावर जो चोथा उरला
तो नदीकाठी ओतून वर माती लोटली.
नंबर गेला. मालक गेले. चोथा इथंच.
बर्फ वितळलं की दरड सरकते,
कधी बोटभर, कधी एका रात्रीत अख्खं कुरण,
आणि नदी तर खाली फरगाण्यात जाते,
जिथे जर्दाळू पिकतात, माणसं दाटीनं राहतात.

हे सगळं तिला सांगितलं. तिनं चहा ओतला.
"किती दिवस राहणार हे?"
रेडियम अर्धं व्हायला सोळाशे वर्षं.
"अर्धं?"
मग उरलेल्याचं अर्धं. पुन्हा सोळाशे.

आमच्यात पोराला सात पिढ्यांची नावं पाठ लागतात.
ती नातवाची मोजू लागली, बोटं दुमडत:
सातारकुल, जानिबेक, एशिम, बेकतेन,
कोशोय, सारिबाय, तोलोक.
सात झाले, आणि दोनशे वर्षंही धड भरेनात.
"तुझ्या त्या अर्ध्याला किती पिढ्या?"
साठ-एक, मी म्हणालो.

बराच वेळ ती चहातला पाला बघत राहिली.
"त्या साठाव्या पोराला
तिकडे गुरं नेऊ नकोस, हे सांगणार कोण?
आणि कुठल्या भाषेत?"

फॉर्मवर लिहिलं: लोखंडी खांब, अकरा, जप्त.
मोबदल्याचा रकाना फॉर्मवर नव्हता.
वासरू आज कुठं बांधू, तिनं विचारलं.

सायीची वाटी माझ्यापुढे तशीच होती.
खायची नाही, असं आम्हाला बजावलेलं असतं.
तिच्या ते लक्षात आलं.
तिनं वाटी स्वतःकडे ओढली,
पावाच्या तुकड्यानं पुसून पुसून खाल्ली,
तळाची निळी फुलं दिसेपर्यंत,
माझ्याकडे न बघता.