दोन हजार एक

कीथलीच्या चर्चमागच्या हॉलमध्ये, शनिवारी दहा ते एक,
लोक मोडकं घेऊन येतात.
टोस्टर, रेडिओ, एकदा नुसतीच एक वायर:
"ही कशाची असेल हो?"
तिसरं टेबल माझं. मल्टिमीटर, चिमटा-मीटर, पेन्सिल
आणि आलेल्या पाकिटांच्या कोऱ्या पाठी.
इचलकरंजीत बावीस वर्षं नववी ब ला रोध शिकवलाय मी,
व्ही भागिले आय, खडूच्या धुळीत.
हात अजून चालतो.
नाव तेवढं झिजलं: कुमुदिनीची इथे कुमी झाली.

नोव्हेंबरात मिस्टर होल्रॉइड आले,
न ऐकणारं मांजर धरावं तसा
दोन दांड्यांचा हीटर छातीशी धरून.
जाळी काळवंडलेली,
प्लगवर नेलपॉलिशचा लाल ठिपका.
"बिघडलेला नाही," म्हणाले, "पण मीटर पळवतो.
रविवारी दहा पौंड भरले की बुधवारी अंधार.
कुठेतरी गळतंय."

वीज नळासारखी गळत नाही, म्हणणार होते.
नाही म्हटलं. आधी मोजावं.

दांड्या आधी करड्या, मग जांभळट,
मग चुलीतल्या निखाऱ्यासारख्या.
विभवांतर दोनशे तीस.
चिमट्यात एकच तार धरायची, दोन्ही नाही.
दोन्ही धरल्या तर मीटर शून्य दाखवतो,
जाणारी आणि येणारी एकमेकींना पुसून टाकतात.
(पोरं दर वर्षी हेच चुकायची,
आणि मीटरला शिव्या द्यायची.)
धारा: आठ पूर्णांक सात.

भागाकार. सव्वीस पूर्णांक चार ओहम.
रोध म्हणजे वैरी नव्हे, मी वर्गात सांगायची,
तो नसता तर दांडी तापलीच नसती.
मग गुणाकार, हातचे धरत, ओठ हलवत:
दोन हजार एक वॅट.

मला हसू आलं.
आहेराच्या पाकिटात घालतात तसा, वर एक.
त्यांना सांगितलं, आमच्याकडे शंभर देत नाहीत,
एकशे एक देतात.
शून्यावर संपवायचं नसतं.
त्यांनी मान हलवली, जणू
हाही भौतिकशास्त्राचाच भाग.

"गळत काही नाही. तासाला दोन युनिटं,
तुमच्या दराने चोपन्न पेन्स. किती वेळ लावता?"
"पाच ते दहा. ती असल्यापासून तसंच."
मी डावं बटण खट्कन बंद केलं.
मीटर उतरला: चार पूर्णांक पस्तीस.
"हे बघा. हजार वॅट. खर्च निम्मा."
"आणि तो पहिला आकडा? सव्वीसवाला?"
"तो दुप्पट झाला. जवळजवळ त्रेपन्न.
दोघी समांतर जोडलेल्या आहेत ना,
एक गेली की..."
पुढचं वाक्य पाठ होतं, बावीस वर्षांचं.
ते तोंडातच राहिलं.

विझलेली दांडी टिकटिकत निवत होती.

"डावी तिच्या खुर्चीकडची," ते म्हणाले.
"ती बंद ठेवली तर खुर्ची गार पडते."
आणि स्वतःच्या बोटाने
बटण परत दाबलं.

यावर सूत्र नव्हतं माझ्याकडे.
वायर मात्र कडक झाली होती, चिरा पडलेली;
ती बदलून दिली.
प्लग जुनाच ठेवला, ठिपक्यासकट.
त्यांनी हिशेबाचं पाकीट मागून घेतलं,
चार घड्या घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं.

दारापाशी देणगीचा डबा आहे, कस्टर्डचा.
त्यात त्यांनी पाच पौंडांची नोट सरकवली,
हीटर बगलेत, दार अर्धं उघडलेलं, बाहेर गारा;
मग थांबले,
सगळे खिसे चाचपले,
आणि वर
एक नाणं टाकलं.