सावलीविना

सहाव्या खंडाच्या शेवटी आंधळी पुटपुटते:
‘सावलीविना येईल, तोच दार उघडील.’
सातवा खंड लिहिलाच गेला नाही.

सुगंधा म्हणायची, तो मेलेला राजा.
मी म्हणायचो, धुकं.
पैज: ओंजळभर टेंभरं.
चार वर्षं कुणीच जिंकलं नाही.

सिंदेवाही. वीस मे, बारा वाजून आठ.
वाचनालयाच्या तापल्या पायरीवर आम्ही,
तेवढ्यात डोमाजी शिपाई सायकलवरून उतरला,
डोक्याला ओला दुपट्टा, किल्ली दातांत.
त्याच्या पायांमागे काही नव्हतं.
पुढेही नाही.
सगळं चपलांखाली गिळलेलं.

कुलूप कुरकुरलं.
‘काहून पाहून राहिले रे असे?’

सुगंधा बोलली नाही.
हळूच उन्हात जाऊन उभी राहिली
आणि आपल्या पायांशी
वाकून शोधू लागली.